चिंचोक्यांचा हिशेब

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून वहीला तीन रकाने. आधी काय चाललं होतं, पोरानं काय केलं, त्यानंतर काय झालं. एवढंच लिहायचं. ‘उद्धट’, ‘कोडगा’, ‘घरचंच वळण नाही’ हे शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत, असं ठरवलंय. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या आप्पांनी वही उघडून बघितली आणि म्हणाले, “ताई, पोरांचा पंचनामा करताय की काय?”

पंचनामाच म्हणा. फक्त आरोपी आधी ठरवायचा नाही.

लोणखेडा शहाद्याला खेटून आहे. रस्त्यानं दिवसरात्र उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जातात. आमच्या पोरांचे आईबाप मात्र दिवाळीनंतर कोयते घेऊन गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला गेलेत. धाकटी भावंडं त्यांच्याबरोबर गेली, मोठी आमच्या हंगामी केंद्रात राहिली. काही धडगावच्या डोंगरातली पावरा, काही तळोदा-शहाद्याकडची भिल्ल. दोघंतिघं आश्रमशाळेतून पळून आलेली, काहींनी शाळेचं दार कधी पाहिलेलंच नाही. वयं नऊ ते चौदा. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात ‘विशेष प्रशिक्षण’ म्हटलंय ते हेच. वयाप्रमाणे पाचवीत, सहावीत बसवायचं आणि मागचं राहिलेलं भरून काढायचं. कायदा लिहिणाऱ्याला हे एका ओळीत जमलं.

अशा केंद्राची गंमत ही की साध्या शाळेत वर्गात एखादंच पोर ‘अवघड’ असतं. इथं तीच सगळी एका खोलीत आणून बसवलेली असतात.

९ जानेवारी, गुरुवार

कालपरवाच्या नोंदी चाळल्या. मारामाऱ्या दिवसभर होतात असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. वही वेगळंच सांगते. बहुतेक मारामाऱ्या साडेबारा ते एकच्या मध्ये, जेवणाच्या ओळीत. धक्काबुक्की, शिवी, मग कोणाचं तरी कान पिरगाळणं. पहिल्या रकान्यात दर वेळी तेच: ओळ मोडली.

ओळ का मोडते ते पाहायला आज स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ताटं तीस, पोरं अठ्ठेचाळीस. पहिल्या पंगतीला गरम खिचडी. दुसऱ्या पंगतीनं पहिलीची ताटं घासायची, मग गार झालेली खायची. त्यातही डाळ तळाशी गेलेली. म्हणजे पुढे घुसणारा पोरगा बिनडोक नाही. हिशोब करूनच घुसतो.

स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं, हे ठाऊक होतं का. म्हणाल्या, “ठाऊक नाही कसं? पण मला कुणी विचारलं का?”

संध्याकाळी शहाद्यात भांड्यांच्या दुकानात जाऊन किलोवर मिळणारी स्टीलची ताटं आणली. दुकानदाराला वाटलं लग्नाचा आहेर आहे, म्हणून नाव घालू का विचारत होता.

१३ जानेवारी, सोमवार

ताटं पुरली आणि ओळीतली मारामारी जवळजवळ थांबली. एकदा झाली, तीही जुन्या भांडणावरून. आप्पा म्हणाले, “चार दिवस थांबा.” थांबू.

या वहीमागचं वर्तनशास्त्र म्हणजे काय ते आप्पांना जेवताना थोडक्यात सांगितलं. १९८० च्या दशकात अमेरिकेत तीव्र अपंगत्व असलेल्या माणसांना संस्थांमध्ये ‘वळण लावायला’ फार क्रूर उपाय चालत, विजेच्या झटक्यापर्यंत. त्याला विरोध म्हणून काही अभ्यासक म्हणाले, आधी हे शोधा की हा माणूस असं कधी करतो आणि त्यातून त्याला काय मिळतं. मग ती गरज दुसऱ्या, बऱ्या मार्गानं भागेल असं शिकवा आणि भोवतालही बदला. ओरेगॉन विद्यापीठातले रॉब हॉर्नर आणि जॉर्ज सुगाई यांनी पुढं हा विचार संपूर्ण शाळेला लावला. १९९७ मध्ये तिकडच्या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यातही तो आला. पायऱ्या तीन: सगळ्यांसाठी, थोड्यांसाठी, अगदी एखाद्यासाठी. सगळ्यांसाठीची पायरी पक्की नसेल तर एखाद्यासाठी केलेलं सगळं वाया जातं.

आप्पांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे तिकडच्यांना ताटं मोजायला विद्यापीठ लागलं.”

खोटं कशाला बोलू, हसू आलं. पण आपल्याकडे विद्यापीठ नसूनही ताटं कोणी मोजली नव्हती, हेही खरंच.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

गुजरात जवळ, त्यामुळे आज सगळं आकाश पतंगांचं. वर्ग भरवणं शक्य नव्हतं आणि भरवलाही नाही. तिळगूळ वाटला आणि गच्चीवर बसून नियम केले.

आधीचे नियम भिंतीवर होतेच, लाल रंगात, बारा. गोंगाट करू नये. थुंकू नये. न विचारता बाहेर जाऊ नये. पोरांना विचारलं, मग काय करावं? कोणाला सांगता येईना. बाराच्या बारा ओळींत काय करायचं ते कुठंच नाही.

नवे तीन झाले. जपायचं, ऐकायचं, वाटून घ्यायचं. तिसऱ्यावर पोरांनीच हट्ट धरला. धडगावकडच्या एका मुलीनं सांगितलं की त्यांच्याकडे एकाच्या शेतावर काम निघालं की सगळा पाडा जातो, त्याला लाह म्हणतात. मग इथंही तसंच असू दे. मराठी, पावरी आणि भिलोरी अशा तिन्ही भाषांत पोरांनीच भिंतीवर लिहिलं, सगळं देवनागरीत. पावरीतल्या एका शब्दावर दोन पाड्यांच्या पोरांचं जुंपलं. मग दोन्ही शब्द लिहिले.

नियम भिंतीवर लिहून भागत नाही. नळावर ‘जपायचं’ म्हणजे काय, ते नळावर जाऊन करून बघायचं: बादली भरली की तोटी बंद, पुढच्याला जागा. झोपायच्या खोलीत ‘ऐकायचं’ म्हणजे दिवा गेल्यावर कुजबुज चालेल, हाक नाही. उद्यापासून रोज एक जागा, पाढ्यांसारखी सवय करून घ्यायची.

२० जानेवारी, सोमवार

आप्पांशी वाद झाला. नेहमीचाच. छडी गेली आणि पोरं डोक्यावर बसली, हे त्यांचं म्हणणं. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी खेड्यापाड्यांत शिकवलंय, पोरांवर जीव आहे, आजारी पोराला स्वतःच्या मोटरसायकलवर दवाखान्यात नेणारे तेच. पण अंगठे धरून उभं करणं त्यांना शिक्षा वाटतच नाही.

त्यांना कायदा सांगितला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम अंगावर हात टाकायला बंदी करतं आणि मानसिक छळालाही करतं. आप्पा म्हणाले, “कायदा मलाही पाठ आहे. कलम सांगू नका. छडीच्या जागी काय ठेवू ते सांगा.”

प्रश्न रास्त आहे. वरून ‘मारू नका’ असं पत्र येतं, मारायच्या ऐवजी काय करायचं ते पत्रात नसतं. भिंतीवरच्या बारा नियमांसारखंच झालं हे. मास्तरांनाही फक्त ‘करू नये’ सांगितलं गेलंय.

मग चिंचोके काढले. डाव्या खिशात मूठभर घ्यायचे. पोरानं काही बरं केलं आणि आपण ते नाव घेऊन, काय केलं ते सांगून बोललो, तर एक चिंचोका उजव्या खिशात. ‘शाबास’ नुसतं चालणार नाही. ‘तू बादली पुढच्याला दिलीस’ असं. एकदा टोकलं तर चार-पाच वेळा बरं बोललं गेलेलं असावं, असा या शास्त्राचा अंदाज आहे. मला खिसा नाही, म्हणून कमरेला पिशवी बांधली. आप्पांनी नेहरू शर्टाच्या खिशात चिंचोके टाकले आणि म्हणाले, “म्हातारपणी चिंचोके खेळायला लावलं.”

संध्याकाळी त्यांचे बहुतेक डाव्याच खिशात होते. पण उद्याही घेऊन येतो म्हणाले.

२८ जानेवारी, मंगळवार

कॉलेजच्या आवारात काम होतं. लोणखेड्याला जो आला त्याला हे आवार ठाऊक असतंच. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचं. पी. के. अण्णा पाटलांनी उभं केलेलं. गुरुजींचं नाव वाचलं आणि दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

आपल्या खानदेशातलंच उदाहरण आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुलं खोली झाडत नसत, अंथरुणं गुंडाळत नसत. गुरुजी बोलले नाहीत. मुलं शाळेत गेली की स्वतः खोल्या झाडायचे, अंथरुणांच्या घड्या करायचे, कंदिलांच्या काचा पुसायचे. मुलं ओशाळली आणि स्वतः करू लागली. शिवाय ते हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत आणि मुलांना वाचायला लावत. आजच्या भाषेत मुलाला काय अपेक्षित आहे ते रोज, स्पष्ट, प्रेमानं सांगणं. शंभर वर्षांपूर्वी, कुठल्याही तीन रकान्यांशिवाय.

पण मला त्यात एक अडचण वाटते, ती इथं लिहून ठेवते. बाहेर बोलले तर मारच खाईन. गुरुजींचं जमलं ते गुरुजी होते म्हणून. अंथरुणाची घडी पाहून मुलाला लाज वाटली, कारण घडी करणाऱ्यावर त्याचा जीव होता. माझ्या केंद्रावरची निम्मी पोरं मला अजून नीट ओळखतही नाहीत. होळीनंतर जातील. काही मधेच जातील. त्यांचे केर मी काढले तर ती म्हणतील, मॅडमचं कामच आहे. आणि लाज हीसुद्धा एक शिक्षाच आहे, फक्त हात न लावता केलेली. ज्या पोरांना गावातल्या दुकानात, एसटीत, दवाखान्यात रोज लाज वाटायला लावली जाते, त्यांच्यावर आणखी लाज नको.

गुरुजींसारखा माणूस शतकात एखादा होतो. हंगामी केंद्रं दर दिवाळीला उघडतात आणि तिथं कंत्राटावर आलेली बावीस वर्षांची पोरगी शिकवते, ती पुढच्या वर्षी नसते. तिच्या हातात काही तरी असं हवं जे साधुत्वाशिवाय चालेल. तीन रकान्यांचा तक्ता चालतो. ताटं मोजणं चालतं.

आवारात रसवंतीवर उसाचा रस पिताना हे सगळं सुचलं. गुरुजींनी रागावू नये.

५ फेब्रुवारी, बुधवार

चांदण्यांचा बोजवारा.

चांगलं वागलं की कागदी चांदणी, दहा चांदण्यांना एक पेन, असं आमच्या नव्या ताईंनी सुरू केलं होतं. मी नको म्हटलं नाही, त्यांचा उत्साह मोठा होता. आज कळलं की चांदण्यांचा बाजार भरलाय. एका चांदणीला ओंजळभर बोरं. गुलाबी चांदणीला जास्त, कारण गुलाबी कागद संपलाय. एका पठ्ठ्याकडे खिसाभर चांदण्या आहेत आणि त्यानं आठवडाभर कोणाचं काही चांगलं केल्याची वहीत नोंद नाही. बोरांचं झाड मात्र त्याला ठाऊक आहे.

ताई रडकुंडीला आल्या. मला तर त्या पोराच्या गणिताचं कौतुक वाटलं. त्याला आकडेमोड येत नाही असं त्याच्या जुन्या शाळेच्या दाखल्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलंय.

बक्षिसं बंद नाही केली, बदलली. आता एकट्याला काही नाही. सगळ्यांचे चिंचोके एका बरणीत. बरणी भरली की ढोलाचा तास. एका पोराचा मामा धडगावहून ढोल देणार आहे. होळी जवळ आली, हात सगळ्यांचेच शिवशिवतायत. बरणीतून कोणाचे चिंचोके काढून घ्यायचे नाहीत, कितीही राग आला तरी. एकदा कमावलं ते कमावलं. हा नियम पोरांसाठी कमी आणि आमच्यासाठी जास्त आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

र. विषयी. (नाव लिहीत नाही, वही सगळ्यांच्या हातात फिरते.)

बारा वर्षांचा. आश्रमशाळा सोडून आलेला. नियम, ताटं, बरणी सगळं झालं तरी हा रोज एकदा तरी उठतो, शेजारच्याच्या पाटीवर थुंकतो किंवा दप्तर भिरकावतो, मग मी किंवा आप्पा त्याला बाहेर काढतो. बाहेर तो जांभळाखाली निवांत बसतो. तीन रकाने एकाखाली एक वाचले तर आंधळ्यालाही दिसेल. पहिला रकाना: मोठ्यानं वाचायची पाळी याच्याकडे येत होती. तिसरा रकाना: बाहेर काढलं, पाळी चुकली. आम्ही शिक्षा समजत होतो, तो सुटका समजत होता. आणि शेजारचा पोरगा बिनकारण पाटी धूत होता.

त्याला वाचता येत नाही असंही नाही. पावरीत सांगितलेली गोष्ट तो मराठीत बरी लिहितो, अक्षर सुरेख. मोठ्यानं वाचलं की मराठी उच्चारांवर पोरं हसतात. याच्या आधीच्या शाळेतही हसत असणार.

नर्मदाकाठी ज्या जीवनशाळा चालतात त्यांनी हे फार आधी ओळखलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाणला धरणाच्या बुडितातल्या गावांनी त्या काढल्या तेव्हाच पोरांच्या बोलीतून शिकवायचं ठरवलं. शिक्षक त्याच गावातले, पुस्तकंही पावरी-भिलोरीत बनवली. तिथून आलेली दोन पोरं आमच्याकडे आहेत. वाचायची पाळी आली की ती उभी राहतात, चुकतात, हसतात आणि पुढं वाचतात. ती शहाणी आणि र. वाया गेलेला, असं नाही. त्यांच्या पहिल्या शाळेत त्यांच्या बोलीला कोणी हसलं नव्हतं, एवढाच फरक.

र. साठी तीन गोष्टी ठरल्या. आता मोठ्यानं वाचायचं ते दोघांनी मिळून, सगळ्यांनीच, म्हणजे तो वेगळा दिसणार नाही. नको वाटलं तर पाटी पालथी ठेवायची, मग पाळी पुढच्याकडे, थुंकायची गरज नाही. आणि सकाळ-संध्याकाळ त्यानं एका मोठ्या माणसाला भेटायचं: सकाळी आजचं काम ठरवायला, संध्याकाळी काय जमलं ते सांगायला. कोणाला भेटशील विचारलं तर माझं नाव घेईल असं वाटलं होतं. त्यानं मावशींचं घेतलं.

मावशींना लिहितावाचता येत नाही. त्या सकाळी भाकरी थापता थापता त्याच्या हातावर तीन चिंचोके ठेवतात. जमलं तेवढे संध्याकाळी परत द्यायचे. राहिलेले त्याच्याकडेच. चुलीपाशी बसल्या बसल्या विचारतात, “काय झायं रे भाऊ आज?” तो सांगतो. मावशींची अहिराणी, त्याची पावरी. दोघांचं बरं चालतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची मिरवणूक, शहाद्यात डीजे. पोरं दिवसभर तिकडेच कान लावून.

वही चाळताना लक्षात आलं की एका मुलीचं नाव महिनाभरात एकदाही आलेलं नाही. अकरा वर्षांची. भांडत नाही, उठत नाही, रडत नाही. शेवटच्या ओळीत. जेवणानंतर दुसऱ्यांची ताटं उचलते. आम्ही सगळे तिला ‘गुणी’ म्हणतो.

आज तिच्याकडे तास-दीड तास मुद्दाम लक्ष ठेवलं. पाटीवर काही नाही. पाठ्यपुस्तकाचं तेच पान उघडं. विचारलं तर मान हलवते. तिनं तीन वर्षं उसाच्या फडावर भावंडं सांभाळली आहेत. गप्प बसून सगळ्यांच्या उपयोगी पडायचं, हे तिचं शिकून झालंय. त्रास देणाऱ्याच्या मागे धावणाऱ्या कुठल्याही पद्धतीतून अशी मुलगी हमखास निसटते. अमेरिकन असो की अमळनेरची. तिच्यासाठी उलटा नियम: ताटं उचलायची नाहीत. दिवसातून एकदा तरी ‘मला येत नाही’ म्हणायचं, त्याला चिंचोका.

पहिल्यांदा म्हणाली तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, की ही चूक आहे की बक्षीस.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

निम्मं केंद्र रिकामं. देवमोगऱ्याला याहा मोगी देवीची यात्रा, आजीआजोबा येऊन पोरांना घेऊन गेले. हजेरीत गैरहजर लावावं की नाही यावर नव्या ताई आणि आप्पा यांचं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, ‘यात्रा’ असं लिहा. रकाना नाही म्हणाले. रकाना करा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा वस्तीवरची पोरं बालवाडीत येईनात. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढं कोसबादला गुरं राखणारी पोरं येईनात, तर शाळा कुरणात नेली. कुरणशाळा. पोर येत नाही हा पोराचा दोष धरायचा की शाळेच्या जागेचा, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी एवढ्या साधेपणानं दिलं, की आपण ते पुरस्कारांच्या यादीत ठेवून विसरलो. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

दुपारी राहिलेल्या पोरांनी उपासाचे शेंगदाणे खाल्ले. आप्पांच्या उजव्या खिशात आज चिंचोके जास्त होते. मी विचारलं नाही, त्यांनी मुद्दाम खुळखुळवून दाखवले.

११ मार्च, मंगळवार

डोंगरात होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार चालू झालेत. बरणी भरली होती, ढोलाचा तास काल झाला. शेजारची माणसं गॅलरीत आली. तक्रार करतील असं वाटलं, पण दोघं खाली येऊन नाचले.

र. या होळीला मामाबरोबर बुध्या होणार आहे. अंगावर राखेचे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं. त्यासाठी पाळणी पाळावी लागते. खाटेवर झोपायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही, खाण्यापिण्याचीही बंधनं. वर्गात वीस मिनिटं एका जागी न बसणारा पोरगा कालपासून अनवाणी फिरतोय, रात्री फरशीवर झोपतोय. कोणी सांगितलेलं नाही, कोणी बघतही नाही. मी चादर दिली तर खाली अंथरली नाही, बाजूला घडी घालून ठेवली.

आप्पा म्हणाले, “बघा, शिस्त आहे त्याच्यात. आपल्याच पुढे नाटकं.” नाटकं नाहीत ती. पाळणीत काय करायचं ते त्याला नेमकं ठाऊक आहे. किती दिवस, तेही. शेजारी मामा तेच करतोय. चुकलं तर देव कोपेल अशी भीती असेलही थोडी, पण त्याहून मोठं म्हणजे काठी गावच्या होळीत हजारो माणसं बुध्याकडे मानानं बघतात. आमच्या वर्गात यातलं काय होतं? काय करायचं ते अस्पष्ट, किती वेळ ते मास्तरच्या मनावर, शेजारी तसं करणारा मोठा माणूस नाही, आणि मान तर नाहीच.

ओरेगॉनवाल्यांनी काठीला यावं एकदा. तिथली राजवाडी होळी पहाटे पेटते, जागायची तयारी हवी.

१७ मार्च, सोमवार

होळी झाली. मोहाची फुलं पडायला लागली. पट कमी होणार हे ठरलेलंच. आईबाप गुजरातेतून परतताहेत, जाताना पोरं घेऊन जातील.

जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे पुढच्या गावची शाळा त्याला दाखल करून घेते. सोय चांगली आहे. पण पोर कुठवर शिकलं ते कळलं तरी पुढच्या मास्तराला त्याच्याशी कसं वागायचं ते कळत नाही, आणि जून उजाडला की पुन्हा पाटी, थुंकी, जांभळाचं झाड. म्हणून आम्ही तिघांनी बसून प्रत्येक पोराचं एक पान लिहिलं. जास्त नाही, पाच-सहा ओळी, आणि दोष एकही नाही. मावशींनी तोंडी सांगितलं, नव्या ताईंनी उतरवलं. आप्पांनी सगळ्यांत जास्त पानं लिहिली आणि त्यांचं अक्षर सगळ्यांत वाईट.

र. चं पान असं: ‘मोठ्यानं वाचायला एकट्याला उभं करू नये. जोडीनं वाचतो. लिखाण चांगलं, आधी पावरीत बोलू द्यावं. नको असेल तेव्हा पाटी पालथी ठेवतो, तो उद्धटपणा नाही, परवानगी दिलेली आहे. सकाळी कोणाशी तरी दोन मिनिटं बोलायला मिळालं तर दिवस बरा जातो, तो माणूस शिक्षकच असावा असं नाही. ढोल उत्तम वाजवतो. बुध्या झाला होता.’

आणि त्या मुलीचं: ‘ताटं उचलायला लावू नयेत.’ एवढंच, आप्पांच्या अक्षरात.

दुपारी र. चे वडील आले. बारडोलीहून सरळ, अंगावर अजून उसाची कुसं. त्यांच्याच गावच्या शाळेत नाव घालायचं ठरलं, म्हणून त्यांच्याबरोबर जीपनं मीही गेले. मुख्याध्यापकांनी कार्ड घेतलं, शिक्का मारला. मग पान हातात घेतलं, पुढून मागून पाहिलं.

“हे कुठल्या फायलीला लावू, मॅडम?”

“फायलीला नका लावू. वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.”

त्यांनी काच बघितली. काच नव्हती. मग टेबलाच्या खणातून टाचणी काढून त्यांनी ते हजेरीपटाच्या पहिल्या पानाला टोचलं.